फाटकी झूल

सिनेमातली रिक्षा नेहमी गरीब असते. मी काही फार सिनेमे पाहिलेले नाहीत, पण टीव्हीवर येता-जाता जेवढे दिसले त्यांत असंच दिसलं. नायिका घरातून रडत बाहेर पडली की तिला रिक्षाच मिळते. नायकाचे दिवस फिरले की तो रिक्षा चालवायला लागतो, आणि दिवस पालटले की सगळ्यात आधी ती रिक्षाच दारातून नाहीशी होते. रिक्षावाल्याच्या खाकी सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं असतं, हूड विटलेलं असतं, आत देवाचा एक फोटो असतो, तोही धुरकट. माझी नात हल्ली मोबाइलवर जुन्या पिक्चरांचे तुकडे लावत बसते. परवा तिनं एक तुकडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आज्जी, मम्मी म्हणते ही तुमची रिक्षा. अगं, किती गरीब होता तुम्ही!" मी चष्मा लावून बघितलं आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तर तिला वाटलं आज्जी रडतेय. तिला सगळं सांगायला बसले, पण निम्म्यात दूध उतू गेलं आणि गोष्ट राहिली. म्हणून आता तिच्याच वहीतली उरलेली पानं घेऊन बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण लिहिताना कुणी आपल्या तोंडाकडे बघत नसतं, हे एक बरं आहे.

आमचं घर रंकाळ्याकडं जाणाऱ्या एका उतरत्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढं कट्टा आणि कट्ट्याला लागून रिक्षा उभी राहील एवढीच जागा. आबा, म्हणजे माझे वडील, गल्लीच्या तोंडाशी आले की इंजिन बंद करायचे आणि रिक्षा उतारावरून नुसती सोडायचे. तेवढंच पेट्रोल वाचायचं, आणि आईला तिची चाहूल तशी आवडायचीही. फटफट थांबायची आणि हूडाच्या कडेला लावलेली घुंगरं तेवढी छुमछुम करत दाराशी येऊन गप्प व्हायची. तो आवाज आला की आई तव्यावर शेवटची भाकरी टाकायची. ती फुगेपर्यंत आबांचे हातपाय धुऊन होत. ताटात खर्डा, त्यावर तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि वाटीत घट्ट दही. जेवताना आबा दिवसभराची गिऱ्हाइकं सांगायचे. हुपरीच्या एसटीतून उतरलेली बाई चांदीच्या पैंजणांचं गाठोडं पोटाशी धरून कशी बसली होती, तालमीतला पैलवान बसल्यावर रिक्षा कशी एका अंगाला कलली आणि उतरताना तोच वर कसा म्हणाला, "गाडी जरा बारकी हाय की ओ तुमची." आबा त्या पैलवानासारखं मान वळवून दाखवायचे आणि आईला भाकरी थापताना हसू आवरायचं नाही.

आई मुरगूडकडची, शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी दारात बैलजोडी होती, हरण्या आणि मोत्या. हरण्याचं एक शिंग खाली वाकलेलं होतं. आई सांगायची, लहानपणी ती रुसली की त्या वाकड्या शिंगाला लोंबकळायची. लग्न होऊन कोल्हापुरात आली त्या वर्षीच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, ती सकाळपासून गप्प होती. "सणाचं जनावर न्हाय दारात. पोळी चारायची कुणाला?" एवढंच म्हणाली. आबा म्हणाले, "जनावर न्हाय कसं? ही काय उभी हाय की. नुसती वैरण मागत न्हाय, एवढंच." आई आधी रागावली, मग हसली आणि मग खरंच उठली. पुढच्या वर्षापासून तिनं सगळा सण रीतसर सुरू केला. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तेल चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. आई रिक्षाच्या हँडलला हळद-तेल चोळायची. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगं नाहीत म्हणून आरशांच्या दोन्ही दांड्यांना गोंडे, पुढच्या दिव्याला कुंकू आणि पुरणपोळीचा घास चाकापाशी. येळवण्याच्या, म्हणजे कटाच्या, आमटीचा वास गल्लीभर जायचा. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. हुसेनचाचा हे आबांचे स्टॉपवरचे जोडीदार, दोघांच्या रिक्षा कायम पाठोपाठ उभ्या. ते म्हणाले, "वैनी, लाजला बघा बैल तुमचा." पण एका बेंदराच्या आदल्या सांजेला त्यांचीही रिक्षा आमच्या दारात येऊन उभी राहिली. चाचा खाली बघत म्हणाले, "आमच्या बी बैलाचा खांदा दुखतोय म्हनं." आईनं लगेच तेलाची वाटी उचलली.

मला बोलता यायचं नाही. मुकी नव्हते, घरात आई-आबांशी भरपूर बोलायचे. पण परकं माणूस समोर आलं की शब्द घशाशी येऊन बसायचे. चौथी झाली. पाचवीची शाळा मोठी, हमरस्त्याच्या पलीकडं. पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं. मी उभी राहिले आणि उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंतच पोचले. तिसऱ्या दिवशी आबांनी रिक्षा शाळेवरून तशीच पुढं नेली, रंकाळ्याला एक चक्कर मारली आणि मला घरी आणून सोडलं. आईला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तोंड न्हाय चालत, हात चालत्यात की मालूचं." तेव्हा मला फार सुटल्यासारखं वाटलं. आता कधी कधी मनात येतं, की त्या फाटकातून त्यांनी मला जरा आत ढकलायला हवं होतं. पण लेकीला ढकलणं त्यांना कधी जमलं नाही.

हात मात्र खरंच चालत होते. आजोळी मी बैलांच्या झुली बघितल्या होत्या, पाठीवर घालायच्या, आरसे आणि गोंडे लावलेल्या. आपल्या जनावराला झूल नाही हे माझ्या मनाला लागून राहिलं होतं. कापडाची केली तर एका पावसाळ्यात जाईल. मग आबांनी रिक्षांच्या गाद्या-हूडं शिवणाऱ्या दुकानातून रेक्झिनचे उरलेले तुकडे आणून दिले, लाल, पांढरे, पिवळे, कुठं थोडासा हिरवा. पोती शिवायचं दाभण घरात होतंच. एका बेंदराला सुरुवात केली ती पुढच्या बेंदराला संपली. तुकडे कापून ते मी हूडाच्या काळ्या रेक्झिनवरच शिवत गेले, कट्ट्यावर बसून, दुपारी आबा जेवून पडले की तेवढ्या वेळात. कडेनं वेल, वेलीत बांगड्यांच्या बाजारातले गोल आरसे, आणि मागच्या अंगाला मधोमध पांढऱ्या रेक्झिनचे दोन बैल, तोंडाला तोंड लावून. एकाचं शिंग वाकडं. बैलांच्या डोळ्यांना मी सगळ्यात लहान आरसे ठेवले होते. बोटांना इतकी भोकं पडली की आमटीत भाकरी बुडवताना झोंबायचं. झूल पुरी झाली त्या दिवशी आई रिक्षाच्या मागं जाऊन कितीतरी वेळ उभी होती. वाकड्या शिंगावरून तिनं हात फिरवला आणि "हरण्या रं," म्हणाली, एवढंच. आबा मागच्या सीटवर गिऱ्हाइकासारखे जाऊन बसले. तेव्हा आईनं डोळे पुसले, पुढं जाऊन हँडल धरलं आणि विचारलं, "कुठं जायाचं, पावणं?" आबा म्हणाले, "कुटं बी न्या बाई. ह्या गाडीतनं उतरायचंच न्हाय आता."

कोल्हापुरात रिक्षा नटवायची हौस तेव्हाही होती आणि आजही आहे. कुणाच्या रिक्षात झुंबर, कुणाच्या रिक्षात टेप आणि चार ठिकाणी त्याचे कर्णे, कुणी मागं सिनेमातल्या नट्या रंगवून घ्यायचा. स्टॉपवर त्यावरून रोज खडाखडी. पण झूल कुणाकडं नव्हती. लोक विचारायचे, "कुणाकडनं करून घेतलीस रं?" आबा सांगायचे, "सासुरवाडीची हाय. मुरगूडची." वयात आलेल्या पोरीचं नाव स्टॉपवर चार तोंडांत जायला नको, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते बरं वाटायचं, निदान मी तसं स्वतःला सांगायचे. पण एकदा मी डबा घेऊन स्टॉपवर गेले होते, तेव्हा एक परगावचा माणूस हरण्यावर बोट ठेवून म्हणाला, "काय हात असंल ओ त्या बाईचा!" मी हातातला डबा गच्च धरून तिथंच उभी. माझा हात त्याच्या बोटापासून वीतभर लांब होता.

त्याच सुमारास कोल्हापुरात एका पिक्चरचं शूटिंग आलं होतं. आबांना पिक्चरचं वेड. तरुणपणी त्यांनी म्हणे शूटिंगच्या गर्दीत उभं राहून बघितलं होतं, आपला चेहरा कुठं येतो का ते, आणि नंतर तोच पिक्चर पाच वेळा बघितला तरी चेहरा काही सापडला नाही. एके दिवशी ते गडमुडशिंगीला भाडं घेऊन गेले होते. उसातली वाट, पाटाचं पाणी फुटलेलं, चाकं चिखलात. उसाच्या पातीनं झूल चरचरू नये म्हणून त्यांनी सगळ्या हूडावर जुनी पोती टाकून सुतळीनं बांधली होती. परत येताना हमरस्त्यावर पांढरी टोपी घातलेल्या एका साहेबांनी हात केला. शूटिंगची सगळी व्यवस्था बघणारे ते साहेब. त्यांनी पोत्यांकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं आणि म्हणाले, "वा! नेमकी अशीच रिक्षा आम्हाला पाहिजे आहे. नायक रिक्षावाला दाखवलाय. परवा सकाळी रंकाळ्यावर घेऊन या."

आबा घुंगरं न वाजवता, इंजिन चालू ठेवूनच दारात आले. आई घाबरून बाहेर आली. आबांनी उतरून सांगितलं, "आपली गाडी पिक्चरला पसंत पडली." साहेबांनी चिखल पसंत केला होता. पोत्याखाली काय आहे ते त्यांनी बघितलंच नव्हतं. पण हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कुणाच्या येईल? मुलगी बघायला येणार म्हटल्यावर तिला कुणी शेणानं माखून उभी करतं का? दोन दिवस गल्लीत लगीनघाई होती. पोती काढून फेकली. आईनं पितळी पट्ट्या चिंचेनं घासल्या, मी एकेक आरसा राखेनं पुसला, उसवलेले टाके घातले. हुसेनचाचांनी स्वतःच्या रिक्षाची घुंगरं काढून आणली, आमच्या घुंगरांत घातली. शेजारणींनी झेंडूच्या माळा केल्या. स्टॉपवरच्या सगळ्यांना आबांनी आवतण दिलं. त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा खाकी सदरा घातला, केसांना तेल लावलं, आई आणि मी मागं बसलो आणि आमच्यामागं आणखी सहा-सात रिक्षा. वरात निघाल्यासारखे आम्ही रंकाळ्यावर गेलो.

टोपीवाल्या साहेबांनी आमची रिक्षा ओळखलीच नाही. आबांनी सांगितल्यावर ते दोन पावलं मागं सरले. "अहो, हे काय करून आणलंत? परवा किती छान होती!"

"तवा चिखल लागलता साहेब," आबा कौतुकानं म्हणाले. "आता बघा."

"नायक गरीब आहे हो आमचा. बहिणीच्या लग्नाची काळजी आहे त्याला. असल्या रिक्षात बसलेला तो गरीब कसा वाटेल?"

आबांना खरंच कळेना. त्यांनी माझ्या आईकडं बघितलं, हुसेनचाचांकडं बघितलं. "मी बी गरीबच हाय की साहेब," ते म्हणाले. "गरीब हाय म्हणून तर गाडी नटवतोय. श्रीमंत असतो तर घर नसतं नटवलं?"

मागं रिक्षावाले हसले. साहेब हसले नाहीत, त्यांना उन्हाची घाई होती. त्यांनी आपल्या एका माणसाला हाक मारली. तो ब्लेडची पाती घेऊन आला. माळा उतरवा, हूड दोन-तीन ठिकाणी फाडा, ते आरसे-बिरसे खरवडून टाका, असं सांगून साहेब दुसरीकडं वळले. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, त्याचं कामच ते. त्यानं हरण्याच्या मानेवर पाती टेकवली आणि आबांनी त्याचं मनगट धरलं.

"फाडायचं न्हाय."

"अहो, नंतर नवीन हूड करून देतील ना," तो म्हणाला.

"नवीन नगो हाय मला." आबांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "ऱ्हाऊ दे मग. न्हाय पिक्चर तर न्हाय. चला."

ते वळले आणि मला त्यांचा चेहरा दिसला. पाच वेळा एकच पिक्चर बघून चेहरा न सापडल्यावर माणूस कसा दिसत असेल, तसा तो दिसत होता. मागं सगळा स्टॉप उभा. आवतण देऊन आणलेला. कुणी काही म्हणणार नव्हतं, तोंडावर तर नाहीच, पण उद्यापासून स्टॉपवर कुणीतरी हळूच विचारणारच, "काय रं, पिक्चर कवा हाय?" आणि हे सगळं माझ्या झुलीपायी. आईनं माझं मनगट धरलेलं होतं, ते मी कसं सोडवून घेतलं मला आठवत नाही. मी त्या पातीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. शब्द घशाशी आले आणि नेहमीसारखे बसले. मग एकदम बाहेर पडले, मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठ्यानं.

"फाडू नगा! मी फाटकं करून देतो."

आमच्याकडं बायकाही 'देतो'च म्हणतात, माझी नात त्याला अजून हसते. टोपीवाले साहेब परत फिरले. "ही कोण?"

"पोरगी हाय माझी," आबा म्हणाले. "हिला येतं."

"काय येतं?"

मी सांगितलं. वरून दुसरं हूड चढवायचं, जुनंपानं, फाटलेलं. फाडायचं ते त्याला फाडायचं. आतल्याला हात लावायचा नाही. हे मी जमिनीकडं बघत सांगितलं, पण सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. ते जाताच हुसेनचाचा कमरेवर हात ठेवून आबांसमोर उभे राहिले. "व्हय रं," ते म्हणाले, "ही व्हय तुझी मुरगूडची सासुरवाडी?"

आबा मान खाजवत हसले. मग चाचा वळले आणि सगळ्या स्टॉपला उद्देशून ओरडले, "बघत काय उभारलाय? पोरीला चिंध्या आणा की!"

पुढचा तासभर रंकाळ्यावर जे चाललं ते आठवलं की अजून हसू येतं. ज्या माणसांची आयुष्यं आपली रिक्षा सगळ्यात देखणी कशी यावर भांडण्यात गेली होती, ती माणसं आता सगळ्यात भिकार चिंधी कुणाची यावर भांडत होती. एकानं सीटखालून इंजिन पुसायचं फडकं काढलं. एकजण घरी जाऊन गोठ्यावरची ताडपत्री घेऊन आला. "माझी बघ, कशी कुजलीया! उंदरानं खाल्लीया." "हट्, ती काय कुजलेली? ही बघ, हात लावला की फाटतीया." कुणाच्या तरी बायकोनं हाकलून दिलेलं माळ्यावरचं हूड आलं, त्याला आरपार भोकं. त्याचा मालक छाती काढून म्हणाला, "असलं कोल्हापुरात दुसरं सापडायचं न्हाय." मी ताडपत्री आणि ते हूड जोडलं, वर पोत्यांची ठिगळं लावली, ठिगळ नीट बसू न देता अर्धवट लोंबतं ठेवलं. नीट शिवणाऱ्या हाताला वाईट शिवणं किती अवघड जातं ते त्या दिवशी कळलं. टाका आपसूक सरळ पडायचा, मी तो उसवून पुन्हा वाकडा घालायचे. आई शेजारी बसून दोऱ्यांना मेण लावून देत होती. एकदाच हळूच म्हणाली, "माले, किती मोठ्यांदा बोललीस गं." मी पुढचा टाका वाकडा घातला.

फाटकी झूल चढली आणि आमची रिक्षा ओळखू येईना. आईनं तोंड फिरवलं. टोपीवाले साहेब मात्र खूश झाले. मग कळलं की नायकाला रिक्षा चालवता येत नाही. त्यानं हँडल धरून बसायचं, गाणं म्हणायचं, आणि मागून आबा, हुसेनचाचा आणि आणखी दोघांनी वाकून रिक्षा ढकलायची. इंजिनाची फटफट नंतर घालणार होते. आबांचा इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला. पहिल्यांदा रिक्षा थोडी पुढं गेली असेल-नसेल, कॅमेऱ्यामागचा माणूस ओरडला, "थांबा, थांबा! मागं काहीतरी चमकतंय!" सगळे मागं धावले. एका ठिगळाखाली बोटभर फट राहिली होती आणि तिच्यातून हरण्याचा डोळा ऊन पकडत होता. मी दाभण घेऊन गेले आणि ती फट शिवून टाकली. शिवताना त्याला मनात म्हटलं, जरा वेळ मीट. मग ते गाणं त्यांनी दुपार कलेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतलं.

संध्याकाळी उतारावरून रिक्षा दारात आली तेव्हा घुंगरं ताडपत्रीखाली दबली होती, नुसती खसखस झाली. आबांनी तिथल्या तिथं टाके कापले, फाटकी झूल ओढून काढली आणि कट्ट्यावर टाकली. ती पुढं बरीच वर्षं जळणावर झाकायला वापरली. एकही टाका उसवला नाही तिचा, वाकडे होते तरी. दुसऱ्या दिवशी हुसेनचाचा सकाळीच आले, घरात न येता कट्ट्यावर बसले आणि आबांना ओलांडून सरळ मला म्हणाले, "मालू, माझ्या गाडीवर मोर काढशील का?" त्यांच्याशी बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी विचारलं, "पिसारा मिटलेला का फुललेला?" चाचांनी आबांकडं बघितलं आणि म्हणाले, "बोलती की रं ही!" त्यानंतर मी किती हूडं शिवली ते मोजलं नाही. लग्नानंतरही शिवली. आता रिक्षांवर चिकटवायचे छापील कागद मिळतात, दाभण कुणी हातात घेत नाही, तरी रस्त्यात एखादी नटलेली दिसली की मी अजून तिचा टाका बघते.

पिक्चर लागला तेव्हा आख्खा स्टॉप गेला. बायका पुढं, बाप्ये मागं असे आम्ही बसलो. भडंगाच्या पुड्या मांडीवर, आणि आबा सारखे मागच्यांना सांगत होते, "अजून न्हाय आली. आली की सांगतो." कितीतरी वेळ बहीण रडली, सावकार ओरडला, आणि मग रंकाळा आला. पडद्यावर आमची रिक्षा आली. फाटकी, विटकी, ठिगळं लोंबणारी. थेटरातल्या परक्या बायकांनी चुकचुक केलं. कुणीतरी म्हणालं, "बिचारा!" मागून हुसेनचाचांच्या बाजूनं खुसखुस ऐकू आली. रिक्षा आमच्याकडं पाठ करून पुढं निघाली, म्हणजे ते चौघं ती ढकलत होते पण चित्र हूडापाशीच कापलं होतं, खाली वाकलेले ते कुठंच दिसत नव्हते. आबा पुढं वाकून आपला चेहरा शोधत होते, आणि याही खेपेला तो नव्हता. मला त्यांच्याकडं बघवेना.

आणि तेवढ्यात पडद्यावर ठिगळाखालून काहीतरी लखकन चमकलं. एकदा. मग रिक्षा हलली तशी पुन्हा एकदा.

त्यांनी पहिल्याच वेळचं घेतलेलं ठेवलं होतं. मी फट शिवण्याच्या आधीचं. का ठेवलं, विसरून की आवडून, ते मला कधी कळलं नाही. आमच्या मागच्या चार रांगा एकदम उठल्या. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर खणखण नाणी. बाकीचं थेटर वळून आमच्याकडं बघायला लागलं, की या गरीब रिक्षात एवढं काय आहे. आईनं माझा हात दाबला. "हरण्या," ती म्हणाली, "बघ, हरण्या बघतोय." आणि तेव्हा आबा उभे राहिले. चेहरा सापडला नाही हे ते विसरले असावेत. ते पडद्याकडं नव्हे, मागं लोकांकडं तोंड करून उभे होते आणि दोन्ही हात वर करून आख्ख्या थेटराला ऐकू जाईल असं ओरडत होते, "माझ्या पोरीनं केलीया! मालूनं! माझ्या मालूनं केलीया ती!"

माझं नाव इतक्या लोकांत कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं. मी झटकन आईच्या पदरात तोंड खुपसलं. पदर जुना होता, धुऊन धुऊन विरलेला. त्याच्यातून मला सगळं दिसत होतं.